खरं लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

अमळनेरला महिन्यातून एका रविवारी आम्ही दहा-पंधरा जण बसतो. प्राथमिक शिक्षक आहेत, एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, पाचोऱ्याच्या एक नर्सबाई आणि रावेरकडचे केळीवाले आप्पा आहेत. सगळ्यांना खरं लिहायचंय. कुणाला आजीवर, कुणाला जिनिंगमध्ये आयुष्य गेलेल्या बापावर, कुणाला धरणात बुडालेल्या पाड्यावर. कथा नको आणि बातमीही नको. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. उत्तरं माझी आहेत. नर्सबाईंना त्यातली दोन अजून पटलेली नाहीत.

या लेखनाला नेमकं म्हणायचं काय?

मराठीत नावाचीच पंचाईत आहे. 'ललित' म्हटलं की पाऊस आणि प्राजक्त आठवतो, 'ललितेतर' म्हटलं की वाचनालयातलं धूळ बसलेलं कपाट. रिपोर्ताज, व्यक्तिचित्र, आठवणी, चरित्र, प्रवासवर्णन, यातलं काहीही असू द्या. माणसं, गावं, तारखा आणि घडलेलं सगळं खरं हवं, बांधणी गोष्टीची चालेल. कुठून सुरू करायचं, काय मागे ठेवायचं, काय गाळायचं हे तुमच्या हातात. पदरचं घालायचं नाही. आपल्याकडच्या व्यक्तिचित्रांनी इथे जरा घोळ करून ठेवलाय. पाच माणसांच्या लकबी एकाच्या अंगावर चढवायच्या आणि वाचकाला तो खरा वाटला की मिशीत हसायचं. वाचायला मजा येते, नाही असं नाही. पण ते पुस्तक कथांच्या कपाटात ठेवा.

आम्ही कुठे लेखक? दुसऱ्यानं सांगितलं ते फक्त उतरवून घेतो.

हे 'फक्त' खानदेशात तरी म्हणू नये. या मातीतली दोन मोठी पुस्तकं दुसऱ्याच्या हातानं लिहिली गेली आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि बरोबरचे कैदी साने गुरुजी भराभर लिहून घेत. पुढे विनोबांनी ते लिखाण तपासून दिलं, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली. दुसरं पुस्तक बहिणाबाईंच्या गाण्यांचं. असोद्याला १८८० साली जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गाणी म्हणत आणि मुलगा सोपानदेव व घरचे लोक उतरवून ठेवत. बहिणाबाई १९५१च्या डिसेंबरात गेल्या, पुस्तक १९५२ साली निघालं. छापलेलं पान त्यांनी पाहिलंच नाही.

या दोन पुस्तकांमधला फरक नीट बघा. विनोबा स्वतः वाचू शकत होते, खोडू शकत होते, 'मी असं म्हणालो नव्हतो' असं सांगू शकत होते. बहिणाबाईंच्या बाबतीत सगळी भिस्त उतरवून घेणाऱ्याच्या इमानावर होती. तुम्ही ज्यांच्यावर लिहिणार आहात त्यातली बहुतेक माणसं या दुसऱ्या रांगेत बसलेली आहेत. त्यांना तुमचं लिखाण वाचता येणार नाही, किंवा येत असेल तरी कुणी आणून दाखवणार नाही. पुढच्या अर्ध्या प्रश्नांची मुळं इथेच आहेत.

प्रसंग जिवंत करायचा तर थोडी कल्पना लागतेच ना?

लागते, पण आधी शोधा. धुळ्याच्या तुरुंगाचंच घेऊ. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२ला झालं, शेवटचं १९ जूनला. जुनी दिनदर्शिका काढून मोजलं तर या दोन्ही तारखा रविवारच्या निघतात आणि या मुदतीत रविवार येतात बरोबर अठरा. गीतेचे अध्यायही अठरा, म्हणजे एकही रविवार चुकला नाही. मग वैशाखातल्या धुळ्याचे चार-पाच रविवारही त्यात आले. हे सगळं कागदावरून निघालं, कल्पना कुठेच करावी लागली नाही आणि प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिला. आता 'विनोबांनी उपरण्यानं घाम पुसला' असं वाक्य लिहायचा मोह होईल. ते कुणी पाहून लिहून ठेवलेलं नसेल तर लिहू नका. फारच राहवत नसेल तर 'पुसला असेल' असं लिहा. या 'असेल'नं वाचकाला कळतं की इथून पुढे तुम्ही अंदाजानं चालला आहात. मात्र एका पानात चार 'असेल' आले तर तुमचा अभ्यास झालेला नाही, असंही त्याला कळतं.

रेकॉर्डिंग नाही. मग संवाद लिहायचा कसा?

लक्षात राहिलेलं एक वाक्य अवतरणात घ्या, बाकीचं आपल्या शब्दांत सांगा. तीस वर्षांपूर्वीचं अख्खं भांडण अवतरणचिन्हांत आलं की मला शंका येते. माणसाला भांडणातलं एकच वाक्य लक्षात राहतं, जे लागलेलं असतं ते.

आणि फोनवर रेकॉर्ड केलेलं यंत्राकडून उतरवून घेणार असाल तर शेजारी बसून ऐका. आमच्या एका मास्तरांच्या फोननं 'पानी नही शे', म्हणजे पाणी नाही, या साध्या अहिराणी वाक्याचं 'पाणी नऊशे' केलं होतं. त्यांनी ते तसंच लेखात घातलं आणि वाचणारे टँकरचा भाव समजले.

अहिराणीत सांगितलेलं प्रमाण मराठीत आणू का?

निवेदन तुमच्या भाषेत ठेवा, बोलणं त्यांच्या भाषेत. पण आधी कान तयार हवा. खानदेशी म्हणजे सरसकट अहिराणी नव्हे. जळगाव, यावल, रावेर भागातल्या लेवा लोकांची बोली निराळी, तडवींची निराळी, सातपुड्यात पावरी आणि भिली, तापीकाठी गुजर मंडळींच्या घरात गुजरी. रावेरच्या माणसाच्या तोंडी अहिराणीतलं 'शे' घातलंत तर आप्पा उठून जातील. एकदा गेले आहेत.

एक खोड मात्र मोडायला हवी. लेखात शेतमजूर बोलीत बोलतो, पण डॉक्टर, तलाठी आणि प्राध्यापक प्रमाण मराठीत बोलतात. वास्तविक प्राध्यापक घरी आईशी अहिराणीतच बोलतात. बोली फक्त गरिबाच्या तोंडी ठेवली की तो आपोआप गमतीदार दिसायला लागतो. 'आमच्याकडे इनोदी बोलतात लोक' असं कौतुक करणारेही हेच करत असतात. बोलायची तर सगळ्यांनी बोलीत बोलू द्या, नाहीतर सगळ्यांचं प्रमाण मराठीत घ्या आणि एखादाच शब्द जसाच्या तसा राहू द्या.

दोन माणसांची मिळून एक व्यक्तिरेखा केली तर?

मी केली होती. कापूस वेचणाऱ्या बायांवर लेख होता. पारोळ्याकडच्या एका शेतात दोघी भेटल्या. एक बोलायला पटाईत, हात चालू आणि तोंडही चालू, ओटी भरली की बांधावर ओतायची आणि वाक्य तिथूनच पुढे न्यायची. दुसरी गप्प. त्या गप्प बाईचा तरणा मुलगा गेलेला होता. मी पहिलीचं बोलणं आणि दुसरीचं दुःख एकत्र केलं आणि त्या बाईला नवं नाव दिलं. लेख उत्तम उतरला असं सगळे म्हणाले. एका दिवाळी अंकात छापून आला. फोटो मात्र पहिलीचा गेला, कारण दुसरीनं पदर तोंडावर घेतला होता.

अंक गावात पोचला. पुढच्या वेळी गेलो तर पहिली बाई दारातच उभी होती. म्हणाली, "मना पोऱ्या जित्ता शे भाऊ. तू त्याले कसं मारी टाकं?"

तिच्याकडे भेटायला पाहुणे येऊन गेले होते. आणि जिचा मुलगा खरोखर गेला होता, तिच्याकडे त्या लेखामुळे कुणीही गेलं नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. कुणी 'सुरुवातीला टीप टाकली तर?' विचारतं. टीप टाका, पण मग त्या लेखाला कथा म्हणायला काय हरकत आहे?

नाव बदललं की झालं ना?

आठशे वस्तीच्या गावात? 'गावातले एकमेव निवृत्त हेडमास्तर, विहिरीमागे घर, एक मुलगी सुरतला दिलेली' असं लिहून नाव 'रमेश' ठेवलं तर तुमच्याखेरीज कुणाची फसवणूक झाली? नाव बदलायचं तर ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही गाळावे लागतात. नाव बदललंय हेही वाचकाला सांगावं लागतं. तपशील बदलू मात्र नका, गाळा. सुरतच्या जागी नाशिक घातलंत की खोटं लिहायला सुरुवात झाली.

एका ठिकाणी हा तुमच्या मर्जीचा प्रश्नच राहत नाही. बलात्कारातल्या पीडित स्त्रीची ओळख पटेल असं काहीही छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२खाली गुन्हा आहे. नुसतं नाव नाही. गाव, शाळा, बापाचा धंदा, काहीही. लैंगिक अत्याचार झालेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पोक्सो कायदाही तेच सांगतो. 'आई-वडील चालेल म्हणाले' एवढ्यानं भागत नाही.

छापण्याआधी लेख त्यांना दाखवावा का? पत्रकार तर म्हणतात, कधीच दाखवू नये.

पत्रकारांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. आमदार, कारखान्याचा चेअरमन, साहेब यांना लेख दाखवू नका. त्यांनी दिलेली माहिती आणि त्यांचं म्हणणं तेवढं पडताळा. त्यांच्याकडे उत्तर द्यायची शंभर साधनं आहेत.

ज्याच्याकडे नाहीत, त्याला दाखवा. खरं म्हणजे वाचून दाखवा. कागद हातात दिला तर लोक भिडेनं 'छान आहे' म्हणतात. मोठ्यानं वाचलं की मध्येच थांबवतात. शेजारीण येऊन बसते, तीही थांबवते. माझ्या निम्म्या चुका ओट्यावर सापडल्या आहेत, टेबलावर नाही. माहिती चुकली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. 'हे काढून टाक' म्हणाले तर का ते विचारा. भीती असेल, पोरीचं लग्न अडणार असेल, तर काढा. 'मी चांगला दिसत नाही' एवढंच असेल तर बोलणं लांबवा, दुसरा चहा होऊ द्या. बहुतेक वेळा मार्ग निघतो. नाही निघाला तर निर्णय तुमचा, आणि पुढच्या वेळी त्या गल्लीतून जायचंही तुम्हालाच आहे. नर्सबाईंचं म्हणणं, निर्णय कायम त्या माणसाचाच. आमचं यावर दोन वर्षं जमलेलं नाही.

वेळ घेतो त्याचे पैसे द्यावेत का?

गोष्टीचे नाही. पण वेचणी किलोवर असते; तुम्ही दोन तास बोलत बसवलं तर तेवढे पैसे बुडतात. संध्याकाळी जा. नाहीतर बरोबर वेचा. वेचायला उतरलात तर प्रश्नही चांगले सुचतात.

माझ्याच घरची गोष्ट आहे. तिला कुणाची परवानगी?

श्रावणात घरी कानबाई देवी बसते तेव्हाचा प्रसादाचा रोट आठवा. तो भाऊबंदांतच खायचा असतो, बाहेरच्याला देत नाहीत. घरातल्या काही गोष्टी त्या रोटासारख्या असतात, आणि कुठली गोष्ट रोटाची आणि कुठली नाही हे एकट्यानं ठरवता येत नाही. तुमचं बालपण तुमचं, कबूल. पण त्याच खोलीत तुमची बहीणही होती. वडील दारू पिऊन यायचे हे तुम्ही लिहाल तेव्हा तिच्या सासरीही ते वाचलं जाईल. लिहू नका असं मी म्हणत नाही. उलट घरातलं दडपलेलं लिहिलं गेलंच पाहिजे. फक्त बहिणीला ते छापून आल्यावर कळू नये. आणि स्वतःला सोडू नका. आमच्याकडे येणाऱ्या आठवणींत लिहिणारा कायम समंजस असतो, सगळे दोष काका-मामांकडे. असं घर मी अजून पाहिलेलं नाही.

आठवणीवर किती भरवसा ठेवायचा?

आठवण हा एक साक्षीदार, त्याची उलटतपासणी करा. एका शिक्षकांनी लिहिलं, '१९९२ साली माझी बदली नंदुरबार जिल्ह्यात झाली.' नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. १९९२ साली ते धुळे जिल्ह्यातच होते, फक्त बायका-मुलांपासून शंभरेक किलोमीटर लांब. चूक दुरुस्त केल्यावर लेखात एक नवा परिच्छेद आला: जिल्हा वेगळा झाला त्या दिवशी गावात काय झालं. तसंच 'पूर्व खानदेश' आणि 'पश्चिम खानदेश' यांचं. १९६० नंतर ते जळगाव आणि धुळे झाले. आजोबांच्या तोंडी १९५० साली 'जळगाव जिल्हा' घातलात तर जाणत्याला खटकतं.

आणखी एक. जुन्या माणसांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर लगेच वाढदिवस लिहून मोकळे होऊ नका. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजानं टाकलेली ती तारीख असते. अर्धा महाराष्ट्र १ जूनचा आहे. तारखेपेक्षा 'प्लेगच्या साली' किंवा 'नदीला पूर आला तेव्हा' ही माहिती पुष्कळदा जास्त उपयोगी पडते. पूर शोधता येतो.

शोधायचं तरी कुठे?

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी जुनी दप्तरं हुडकत आयुष्य काढलं. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड निघाले, आणि ३१ डिसेंबर १९२६ला ते धुळ्यातच गेले. तिथे एकदा दिवसभर बसून या, म्हणजे 'असं म्हणतात' लिहिताना हात अडखळायला लागतो. १८८०चं खानदेशचं गॅझेटियर जरूर बघा, पण ते साहेबानं लिहिलेलं आहे हे डोक्यात ठेवून. भिल्लांवरची पानं तर फारच जपून वाचा. सातबारा, शाळेचं जनरल रजिस्टर, ग्रामपंचायतीचं इतिवृत्त हेही कागदच आहेत. सरकारी कागद देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस. मला एकदा तीस दिवसांच्या जागी पाच महिने लागले आणि आलं ते झेरॉक्सचं काळं पान. तेही लेखात आलं.

दंतकथा इतकी सुंदर आहे, ती कशी सोडू?

सोडू नका, फक्त दंतकथा म्हणून सांगा. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचंच बघा. स्टेशनजवळच्या बंगल्यात त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःला कोंडून घेतलं आणि टेबलावर वस्तू मांडून फोटो काढत राहिले. कोंडून का घेतलं, तर सांगतात की प्रेयसी रेल्वेनं येणार होती आणि ते रोज रात्री त्या गाडीची वाट बघायचे. आमच्या बैठकीत तिघांनी ही गोष्ट सांगितली आणि तिघांच्या गाड्या वेगळ्या निघाल्या. मला हा भाग त्या प्रेमकथेहूनही जास्त आवडतो. पूर्ण गाव मिळून एका माणसासाठी गाडी शोधतंय. हे लिहिलंत तर खोटं काही लिहिलं जात नाही आणि गोष्टही हातची जात नाही.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे जाऊन लिहायचंय.

जा, पण एका मुक्कामात परत येऊन लिहू नका. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, त्यांच्यावर पुष्कळ लोक लिहून गेले. पाड्यावरच्या लोकांना आता लिहिणारे ओळखू येतात आणि त्यांना काय ऐकायचंय तेही कळतं. कुपोषित बाळाचा फोटो मागू नका. दुभाषा घेतला असेल तर लेखात तसं लिहा. तुम्ही ऐकलेलं वाक्य त्या बाईचं नसतं, दुभाष्याचं असतं.

बदनामीचा दावा ठोकला तर?

आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. 'खरं होतं' एवढं फौजदारीत पुरत नाही, ते छापण्यात लोकांचं हित होतं हेही दाखवावं लागतं. मेलेल्या माणसाबद्दल काहीही लिहावं असंही नाही. त्याच्या घरच्यांना दुखावण्यासाठी लिहिलं असेल तर तेही यात बसतं. वह्या, रेकॉर्डिंग, कागद जपून ठेवा. पुढचं वकिलाला विचारा, मला नको.

आजोबांना आलेली पत्रं घरात आहेत. छापू का?

कागद तुमचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. त्याच्या मृत्यूनंतर मजकुराचा हक्क त्याच्या वारसांकडे जातो. वारस शोधा. बहुधा ते खूश होतात आणि दुसऱ्या बाजूची पत्रं काढून देतात.

सुरुवात जमत नाही.

वर्णनानं सुरू करू नका, कामानं करा. आप्पांचा पहिला खर्डा 'तापीच्या कुशीत वसलेलं आमचं गाव' असा सुरू व्हायचा. आम्ही विचारलं, सकाळी उठून पहिलं काय करता? म्हणाले, केळीचा बोर्डाचा भाव बघतो, मग बागेत. कुठल्या बागेत? कांदेबागेत, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीत; मृगात लावलेली मृगबाग करपा रोगानं गेली. झाली की सुरुवात.

चूक छापून गेली. आता काय?

पुढच्या अंकात दुरुस्ती द्या, बारीक अक्षरांत नको. आणि घरी जा. कापसाच्या त्या लेखानंतर मी दोन्ही घरी गेलो. गप्प बाईनं पाणी दिलं, बोलली काहीच नाही. तिच्यावर मी पुन्हा काही लिहिलं नाही. पहिलीच्या दारात तिचा मुलगा खाटेवर मोबाइल बघत पडला होता, धडधाकट. दोघींना वेगळं करून नव्यानं लिहिलेला मजकूर मी तिला वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं, मधेच एकदा कोंबडी हाकलली. दिवसाला चाळीस किलो कापूस वेचते असं मी लिहिलं होतं, तिथे मात्र तिनं हात वर केला. चाळीस तिनं उभ्या जन्मात कधी वेचला नव्हता, तिची सासू वेचायची. तिचा अठ्ठावीस.